नवीन मेडिकल टाकताय? माल दारात आल्यापासून गोळी पेशंटच्या हातात जाईपर्यंत काय काय बघायचं

दरवर्षी डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) होऊन पोरं बाहेर पडतात आणि त्यातली दोन-चार तरी माझ्या काउंटरला येऊन उभी राहतात, दादा आम्ही पण मेडिकल टाकायलोत, काय काय लागतंय सांगा. तयारी कुठवर आली विचारलं की फर्निचर झालं, बोर्ड झाला, बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, फ्रीज घरचा जुना आहे तोच आणणार. थर्मामीटर? ते कुणीच घेतलेलं नसतंय. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात मी सोळा वर्षं मेडिकल चालवायलोय, पहिली तीन वर्षं माझ्याकडं पण नव्हतं, म्हणून नावं ठेवत नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, कंपनीतून गोळी बहुतेक वेळा नीटच निघते, तिचं वाटोळं होतं ते पुढं. गाडीच्या टपावर, आपल्या पत्र्याखाली, रॅकमधल्या चुकीच्या खान्यात, आणि काउंटरवर घाईघाईत बोललेल्या "एक सकाळी एक संध्याकाळी" मध्ये. तर त्याच वाटेनं सांगत जातो, माल दारात आल्यापासून.

आधी कागद, पटकन

रिटेलला फॉर्म २० आणि २१ ची लायसन्स, जागा कमीत कमी १० चौरस मीटर, होलसेल पण सोबत करायचं असेल तर १५. लायसन्स आणि फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन दिसेल असं भिंतीला. फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे, फोटो हजर असून चालत नाही. सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन दुकान चालवायचा धंदा आपल्याकडं किती चालतो ते तुम्हाला मला दोघांनाही माहितीय, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त येवढं, खाली जे सांगायलोय त्यातलं अर्धं काम डोकं आणि शिक्षण असलेल्या माणसानं तिथं उभं राहिल्याशिवाय होतच नाही.

पायरी १: बॉक्स उघडायच्या आधी

माल आला की बिल हातात घ्या आणि एकेक आयटम टिक करा, नाव, पॉवर, बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी. पोराला "ठेव रे आत" म्हणून मोकळं व्हायचं नाही. बॅच बिलावर वेगळी आणि पाकिटावर वेगळी असं महिन्यातून एकदा तरी निघतंच, बहुतेक वेळा स्टॉकिस्टच्या, म्हणजे आपल्याला माल पुरवणाऱ्या होलसेलवाल्याच्या, पोराची चूक असती, पण ती तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशीच गेली की पुढं रिकॉलच्या वेळी, म्हणजे खराब बॅच बाजारातून परत मागवतात तेव्हा, तुम्ही आंधळे.

बिलाशिवाय माल नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो. गाडीत बॅग घेऊन फिरणारे येतात, मार्जिन डबल सांगतात. २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांत औषधच नव्हतं असं तपासणीत निघालं आणि गुन्हा दाखल झाला, म्हणजे हे काही दिल्ली-मुंबईतच होतं असं समजू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झालाय, मोबाईलनं स्कॅन करा, बॅच, एक्सपायरी, कंपनीचा लायसन्स नंबर येतो, पाकिटावरच्या छापील माहितीशी जुळवा. सगळे बॉक्स स्कॅन करत बसायला वेळ नाही हे मान्य, पण नवीन स्टॉकिस्टकडून पहिल्यांदा माल घेतला तर करा.

इन्सुलिन, टीटी (धनुर्वाताची लस), रेबीजची लस हे थर्माकोलच्या डब्यात येतं. डब्बा डिलिव्हरीवाल्याच्या समोरच उघडा. आतला आईस पॅक पार पाणी होऊन कोमट झाला असेल तर माल घ्यायचा नाही, तिथंच बिलावर लिहून परत. मे महिन्यात ट्रॅव्हल्सच्या डिकीत चार तास पडलेला डब्बा "ठंडा है ना भाऊ" म्हणून हातात देतात. आणि उलटं पण बघा, बर्फाला थेट चिकटून इन्सुलिन आलं तर ते गोठलेलं असू शकतंय, गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून कामाचं होत नाही.

पायरी २: दुकानातली गरमी

इथं जरा थांबतो कारण आपल्याकडचा खरा शत्रू हाच. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं ३० अंशाच्या खाली, कोरड्या जागी, उजेडापासून लांब. आता एप्रिल-मे मध्ये परभणी नांदेडकडं बाहेर ४२-४३ असतंय आणि आपलं दुकान पत्र्याचं, पश्चिमेला तोंड, शटरवर दुपारभर ऊन. मी पहिल्यांदा थर्मामीटर आणून वरच्या फळीवर ठेवलं तर दुपारी तीनला ४१ दाखवलं, मला वाटलं थर्मामीटर खराब आहे, दुसरं आणलं तर त्यानं पण तेच दाखवलं. आणि त्याच फळीवर माझे सगळे जास्तीचे स्टॉक बॉक्स, वर्षानुवर्षं.

मग काय करायचं. एसी परवडत असेल तर एसीच, दुसरं काही त्याच्या तोडीचं नाही. नसेल तर पत्र्याखाली फॉल्स सीलिंग, वरून पत्र्याला दर उन्हाळ्यात पांढरा चुना, मागच्या भिंतीला एक्झॉस्ट. वरची फळी उन्हाळ्यात रिकामी ठेवायची किंवा तिथं कापूस, डायपर, बँडेज ठेवायचे, गोळ्या खाली. स्टॉक फेब्रुवारीपासून कमी कमी करत आणा, स्कीम आली म्हणून मार्चमध्ये दहावर दोन फ्री असा ढीग करून ठेवू नका, फ्रीमध्ये आलेली भाजलेली गोळी फ्रीच राहू द्या.

आणि कूलर! सगळ्यात मोठी चूक हीच आणि सगळेच करतात, मी पण केली. कूलर हवा गार करतो पण सगळी ओल दुकानात सोडतो, आणि गोळीला ओल गरमीइतकीच वाईट. अ‍ॅस्पिरिनचं पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजायचं ती ओलीनं फुटायला लागली. कॅप्सूल एकमेकीला चिकटतात, फसफसणाऱ्या गोळ्या ट्यूबमध्येच फुगतात. कूलर लावायचाच तर त्याचं तोंड गिऱ्हाईकांकडं, रॅककडं नाही, आणि मागची खिडकी उघडी.

अजून दोन गोष्टी यातच. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी तिच्या मूळ काचेच्या बाटलीतच द्या, सुटी करून प्लास्टिकच्या पुडीत दिली तर तिचं औषध उडून जातं आणि गरजेच्या वेळी पेशंट नुसतीच पुडी चाटतो. आणि सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून ठेवायच्या मऊ गोळ्या, त्या उन्हाळ्यात फ्रीजमध्ये, नाहीतर बॉक्समध्ये मेण होऊन बसतात.

पायरी ३: फ्रीज

२ ते ८ अंश. बस येवढंच, पण येवढंच सांभाळताना नाकी नऊ येतात.

घरचा जुना सिंगल डोअर फ्रीज आणू नका, आणलाच तर त्याचा स्वभाव ओळखा. आधी रिकामा चालू करून, आत कमाल-किमान दाखवणारं डिजिटल थर्मामीटर ठेवून चार-पाच दिवस नुसतं लिहीत बसा, मग माल ठेवा. माझ्या फ्रीजमध्ये मधली फळी ५ अंश आणि मागच्या भिंतीला चिकटलं की शून्याच्या खाली जायचं. हे मला कळलं डिसेंबरमध्ये, परभणीला थंडी पडली, बाहेरच सकाळी सहा-सात अंश, आणि उन्हाळ्यात फुल्ल करून ठेवलेली नॉब मी कमी केलीच नव्हती. सकाळी बघतो तर मागच्या रांगेतली इन्सुलिनची अकरा व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) गोठलेली. गोठलेलं वितळल्यावर दिसायला कधीकधी अगदी साधं दिसतं, म्हणून मोह होतो बघा. अकराच्या अकरा फेकल्या, त्या महिन्याचा फायदा त्यातच गेला, पण वर्षातून दोनदा तरी, होळीला आणि दिवाळीला, नॉब बदलायची सवय त्या दिवसापासून लागली.

नियम माझे असे आहेत. दारातल्या कप्प्यात औषध नाही, तिथं पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, लाईट गेली की त्या गारवा धरून ठेवतात. फ्रीजरच्या डब्यात औषध नाही. मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडून. खाण्याची वस्तू अजिबात नाही, दूध नाही, कुल्फी नाही, शेजारच्या चहावाल्याचं दही तर नाहीच. दर वेळी दार उघडलं की गार हवा जाते. सकाळी शटर उघडल्यावर आणि रात्री बंद करताना वहीत तापमान लिहायचं, कमाल, किमान, वेळ, सही. स्टॅबिलायझर लावा, आपल्याकडं व्होल्टेज कसं खेळतं ते सांगायची गरज नाही.

लाईट गेली की पहिलं काम, दार उघडायचं नाही, आणि कधी गेली ते लिहायचं. शेतीच्या लोडशेडिंगची वेळ ठरलेली असती, तारा तुटल्या की मात्र रात्र जाते. इन्व्हर्टरला फ्रीज झेपत नसेल तर पाच-सहा आईस पॅक फ्रीजरमध्ये कायम तयार ठेवा आणि चांगला आईस बॉक्स जवळ ठेवा, पण पॅक थेट व्हायलला लावायचे नाहीत, मध्ये जाड पेपर. थर्मामीटरनं ८ च्या वर बराच वेळ दाखवला तर माल विकू पण नका आणि गुपचूप पुन्हा गार पण करू नका, वेगळा काढून "थांबा" लिहून ठेवा आणि कंपनीला किंवा स्टॉकिस्टला विचारा. टीटी वगैरे लसी गरमीपेक्षा गोठल्यानं जास्त खराब होतात, हे पुष्कळांना उलटं वाटतं.

पायरी ४: रॅक लावणं

कंपनीच्या नावानं लावा का एबीसीडीनं लावा, तुमची मर्जी, पण सारखं ऐकू येणारं आणि सारखं दिसणारं शेजारी शेजारी नको. मेटफॉर्मिन शुगरची आणि मेट्रोनिडॅझोल जुलाबाची, कार्बिमॅझोल थायरॉईडची आणि कार्बामॅझेपिन फिटची, प्रेडनिसोलोन स्टेरॉइड आणि प्रोप्रॅनोलॉल बीपीची. घाईत हात जातो तो नाव वाचून नाही, जागा आणि रंग बघून जातो. एबीसीडी लावली असेल तर या जोड्यांच्या मध्ये मुद्दाम दुसरा डबा घुसवा आणि फळीवर लाल पट्टी चिकटवा. थायरॉक्सिन २५, ५०, १०० च्या बाटल्या तर एकाच आईच्या लेकी, त्यांना वेगवेगळे कप्पे.

आधी संपणारा माल पुढं, उशिरा संपणारा मागं. जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून थोडं लांब, कारण पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि उंदराला ओआरएस आणि ग्लुकोज लई आवडतं. उंदराचं औषध विकत असाल तर ते दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, खाण्या-पिण्याच्या पावडरीजवळ कधीच नाही.

पायरी ५: चिठ्ठी हातात आली

चिठ्ठी पूर्ण वाचा. नाव, वय, तारीख, डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर. अक्षर लागलं नाही तर अंदाज नाही, फोन. डॉक्टर चिडतात, चिडू द्या, एकदोनदा चिडतात मग स्वतःच नीट लिहायला लागतात. पेशंटला विचारा, "मावशी कशासाठी दिलंय डॉक्टरसाबनं?" मावशी म्हणली "शुगरसाठी" आणि तुमच्या हातात मेट्रोनिडॅझोल असेल तर तिथंच सापडलं की नाही.

लहान पोरांच्या औषधाला दोनदा बघा. माझ्याकडची गोष्ट सांगतो. तापाचं सिरप लिहिलं होतं, १२५ वालं, पाच एमएल. नवीन पोरानं ड्रॉप्सची बाटली दिली आणि तोंडानं सांगितलं पाच एमएल. पॅरासिटामॉल ड्रॉप्समध्ये एका एमएलला १०० मिलिग्रॅम असतं आणि १२५ च्या सिरपमध्ये पाच एमएलला १२५. म्हणजे त्या पोराला १२५ च्या जागी ५०० गेलं असतं, चौपट. पाच मिनिटांनी बिल बघताना माझ्या लक्षात आलं, बिलावर मोबाईल नंबर होता म्हणून फोन लागला, एसटी अजून स्टँडवरच होती आणि डोस द्यायचा बाकी होता. तेव्हापासून माझ्याकडं ड्रॉप्स आणि सिरप वेगवेगळ्या रॅकला, आणि लेकराचं औषध दोघांनी बघितल्याशिवाय काउंटरवर जात नाही. घरातला चमचा वापरू नका, बाटलीवरचं टोपण किंवा ड्रॉपरच, हे सांगायचं. ड्राय सिरप (बाटलीत पावडर असती, पाणी घालून करायचं) असेल तर उकळून गार केलेलं पाणी, खुणेपर्यंत, आणि किती दिवसांत संपवायचं ते बाटलीवर पेनानं तारीख टाकून लिहून द्या.

खोकल्याचं सिरप लेकरांना मागितलं की सरळ नाही म्हणा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात काय झालं ते सगळ्यांनी वाचलं, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन, लेकरांच्या किडन्या गेल्या. हेच विष १९८६ ला मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमधून गेलं होतं, १४ माणसं गेली आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला, म्हणजे आपल्या राज्याला हे नवीन नाही. दोन वर्षांखालच्या लेकराला खोकला-सर्दीचं औषध देऊच नये आणि पाचच्या आतही शक्यतो नाही, हे केंद्राच्या आरोग्य खात्यानं त्यावेळी कळवलंय.

सणवार, उपवास विचारा. शुगरची गोळी घेणारी बाई नवरात्राचे नऊ दिवस भगरीवर राहते आणि गोळी तेवढीच घेते, चक्कर येऊन पडते. रोज्याच्या महिन्यात पण तेच. आपण डोस बदलायचा नाही, "उपवासाच्या आधी डॉक्टरला भेटून या" येवढं म्हणायचं.

पायरी ६: देताना बोलायचं कसं

"दोन वेळा" म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं. शेतातला माणूस जेवतो अकराला आणि रात्री आठला, त्याला "नाश्त्यानंतर" सांगून काय उपयोग. मी पुडीवर सूर्य आणि चंद्र काढतो, वाचता येवो न येवो. आणि शेवटी विचारतो, "आबा, सांगा बरं मला कशी घ्यायची?" आबांनी बरोबर सांगितलं तरच पिशवी हातात.

संधिवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदा असती, रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी पडतात, माणूस जातो सुद्धा. आठवड्यातून एकदा म्हणलं की लोक विसरतात, म्हणून मी विचारतो तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी, आणि पुडीवर लिहितो "फक्त बाजाराच्या दिवशी". बाजार कुणी विसरत नाही.

उन्हाळ्यात ओआरएस देताना पुडीचा आकार सांगा. मोठी २०.५ ग्रॅमची एक लिटर पाण्यात, छोटी २०० एमएलमध्ये. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात कालवून पाजणारे लोक आहेत, त्यानं लेकराचं अजून वाटोळं होतं.

पाकीट कापून देताना बॅच आणि एक्सपायरीचा तुकडा दुकानात शेवटपर्यंत राहील असं उलट्या बाजूनं कापा. बाटलीतल्या सुट्या गोळ्या तळहातावर मोजायच्या नाहीत, ट्रे घ्या आणि पुसत जा.

रजिस्टर, आणि नाही म्हणायची ठिकाणं

एच१ रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची वेगळी वही, १ मार्च २०१४ पासून आहे, सुरुवातीला ४६ औषधं होती, पुढच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं जपायचं. महिन्याच्या शेवटी बसून अंदाजे भरायचं नसतं ते, ड्रग इन्स्पेक्टर बिलाशी ताडून बघतात आणि एकाच शाईत एकाच बैठकीत लिहिलेलं पान लांबूनच ओळखू येतं. टीबीचा पेशंट असेल तर २०१८ पासून त्याची माहिती सरकारी टीबी विभागाला कळवणं केमिस्टलाही बंधनकारक आहे, आणि कळवलं की त्याला पोषण आहाराचे महिना १००० रुपये मिळायची सोय होते, हे पण सांगा, लपवून ठेवायला बघतात बिचारे.

गर्भपाताची किट चिठ्ठीशिवाय नाही, ओळखीच्याला नाही, कुणालाच नाही. गजकर्णासाठी क्लोबेटासोलची (कडक स्टेरॉइडची) ट्यूब तोंडी मागितली तर नाही, आधी बरं वाटतं आणि मग सगळ्या अंगभर पसरतं. बैलाला दुखण्याचं म्हणून डायक्लोफेनॅक मागतात, ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, गिधाडं मेली त्यानं, त्यांना जनावराच्या डॉक्टरकडं पाठवा.

ऊसतोडीला जाणारे

दसरा झाला की बीड, परभणी, जालन्याकडची माणसं कारखान्याला निघतात, सहा महिन्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या एकदम मागतात. आधी ताजी चिठ्ठी बघा, तारखेला सहा महिन्यांच्या पुढची एक्सपायरी द्या, आणि चिठ्ठीचा फोटो त्यांच्याच मोबाईलमध्ये काढून द्या म्हणजे तिकडच्या मेडिकलवाल्याला दाखवता येईल. इन्सुलिनवाल्याला एकदम सहा महिन्यांचं देऊ नका, कोपीत (उसाच्या फडावरच्या झोपडीत) फ्रीज कुठला. वापरात असलेली व्हायल ३० अंशाच्या खाली साधारण चार आठवडे चालते, त्यासाठी मातीचं छोटं मडकं, त्यात वाळू, वाळू ओली, आणि व्हायल प्लास्टिकच्या डबीत घालून मध्ये, मडकं सावलीत. २ ते ८ होत नाही त्यात, पण कोपीच्या गरमीपासून वाचतं. बाकीची व्हायल कारखान्याजवळच्या दवाखान्यातून घ्या म्हणावं.

पायरी ७: परत घेणं, रिकॉल, एक्सपायरी

बिलावर बॅच आणि मोबाईल नंबर का, तर याच्यासाठी. छिंदवाड्याच्या वेळी अन्न व औषध प्रशासनानं बॅच कळवली तेव्हा ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅच नीट होती त्यानं दहा मिनिटांत बघितलं आपल्याकडं आली होती का, बाकीचे रात्री बारापर्यंत डबे उपसत बसले. संशयाची गोळी आली, वास, रंग, चुरा, तर ती फेकू नका, पाकिटासकट बाजूला ठेवा आणि प्रशासनाला कळवा, टोल फ्री १८००-२२२-३६५. औषधाचा त्रास झाला, अंगावर पुरळ, तोंड सुजणं, तर आधी पेशंटला दवाखान्यात पाठवा आणि मग १८००-१८०-३०२४ ला कळवा, ते केंद्राच्या औषध दुष्परिणाम कार्यक्रमाचं आहे, फार्मासिस्टनं कळवलेलं पण घेतात.

दर महिन्याच्या १ तारखेला पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल बाहेर. पाकिटावर नुसता महिना असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो. संपलेला माल वेगळ्या बंद डब्यात, वर मोठ्या अक्षरात "विक्रीसाठी नाही", यादी करून स्टॉकिस्टला परत. परत घेत नाहीत म्हणून मागच्या उकिरड्यावर टाकू नका, जाळू पण नका. उकिरड्यावर गाई फिरतात, आणि लेकरं रंगीत गोळ्या उचलतात.

रात्री शटर ओढायच्या आधी मी चार गोष्टी करतो. फ्रीजचा आकडा लिहितो, एच१ ची पानं बिलाशी लावतो, दिवसभरात ज्याला नाही म्हणलं त्याचं कारण वहीत एका ओळीत, आणि उद्या फोन करायचे पेशंट. कालच्या पानावर तिघं आहेत, त्यातल्या एका आजीचा बाजार गुरुवारी असतो, तिला सकाळी आठच्या आत फोन लावायचाय.